तीन नंबरची साक्ष

सोमवारी सकाळी तोरसकर मॅडमनी हातात ठेवलेला आदेश हेमांगी दळवीने दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना तिला वाटलं, लिहिण्यात काहीतरी चूक झाली आहे.

कासवी खोरे जलमंडळाचा नवा मेल सर्व्हर बसवायचा होता. ते तिचंच काम होतं आणि महिनाभर ती त्याची तयारी करत होती. सांगलीच्या मुख्य कार्यालयात, तळमजल्यावरच्या थंड खोलीत बसून दोन तासांत उरकेल एवढंच ते काम. पण आदेशात लिहिलं होतं की सर्व्हर जीपने घाटवळ धरणावर न्यावा, तिथेच चालू करावा आणि बसवताना तो फक्त तीन नंबरच्या डोमेन कंट्रोलरकडे वळवावा. ‘अन्य कोणत्याही कंट्रोलरशी संपर्क येता कामा नये’ या वाक्याखाली मॅडमनी पेनाने रेघ ओढली होती.

हेमांगीने कारण विचारलं. मॅडम म्हणाल्या, लेखी आदेश दिला आहे तेवढा पुरे, शुक्रवारच्या आत काम झालं पाहिजे. हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. अनुराधा तोरसकर मंडळाच्या उपमुख्य अभियंता होत्या. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच हेमांगीला निवडलं होतं. तेव्हापासून त्या तिच्याशी अशा तोंड फिरवून कधी बोलल्या नव्हत्या.

डोमेन कंट्रोलर म्हणजे संस्थेचा हजेरीपट सांभाळणारं यंत्र. संस्थेत कोण कोण आहे, कोणाला काय उघडता येतं, कोणाच्या नावाने पत्र जाऊ शकतं, हे मेल सर्व्हरला स्वतःला ठाऊक नसतं. तो कंट्रोलरला विचारतो. मंडळाकडे असे तीन कंट्रोलर होते. एक आणि दोन नंबर सांगलीत, तीन नंबर घाटवळला. नेहमीच्या कारभारात तिघांची मतं घेतली जात आणि दोघांचं जुळलं की ते खरं धरलं जाई. नवा सर्व्हर बसताना मात्र मतं मोजत नाही. तो एका कंट्रोलरचा हात धरतो आणि बसवणं संपेपर्यंत त्याचंच ऐकतो. त्याला काही सांगितलं नाही तर तो जवळचा कंट्रोलर निवडतो, सांगितलं तर सांगाल त्याच्याकडे जातो.

पूर्वी कोणाकडेही गेलं तरी फरक पडत नसे. २०३४ साली बनावट पत्रांची लाट आली आणि तेव्हापासून पडू लागला. कोणाचीही भाषा, कोणाचीही सही, कोणाचाही आवाज यंत्रं हुबेहूब काढू लागली, तेव्हा पासवर्डला अर्थ उरला नाही. मग हातठसा आला. माणूस टाइप करतो तेव्हा दोन अक्षरांमध्ये किती वेळ जातो, तो कुठे अडखळतो, कोणती चूक पुन्हापुन्हा करतो, कोणत्या शब्दाआधी थांबतो, या सगळ्यांचा मिळून एक ठसा तयार होतो. तो बोटांच्या ठशाइतकाच ज्याचा त्याचा असतो आणि त्याची नक्कल करता येत नाही. कंट्रोलर प्रत्येक कर्मचाऱ्याचा हातठसा शिकतो आणि प्रत्येक पत्रावर टक्के टाकतो. साठ टक्क्यांच्या वर असलं तर पत्र पुढे जातं. खाली असलं तर ते तपासणीसाठी माणसाकडे येतं, आणि माणूसही ‘बनावट’ म्हणाला तर मोहरबंद कप्प्यात जाऊन पडतं. पाठवणाऱ्याला काही कळवत नाहीत, कारण तो भामटा असला तर सावध होईल.

नवा सर्व्हर बसताना हा मोहरबंद कप्पा एकदाच उघडतो. सर्व्हर प्रत्येक पत्राबद्दल कंट्रोलरला पुन्हा विचारतो. खरी ठरलेली पत्रं ज्याच्या त्याच्या पेटीत, मूळ तारखेसह पोचती होतात. खोटी ठरलेली कायमची पुसली जातात.

म्हणजे कंट्रोलर कोणता हा प्रश्न साधा नव्हता. आणि तीन नंबरचं तर सगळंच वेगळं होतं. ऑगस्टमध्ये घाटवळचं पाणी एकदम सुटलं, त्याच दिवशी दरड कोसळून तिथली केबल तुटली. तेव्हापासून अडीच महिने तीन नंबरचा सांगलीशी संबंध नव्हता. तिकडे बसून त्याला कोण काय शिकवत होतं, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मोहरबंद कप्पा तिने आधीच नव्या सर्व्हरवर उतरवून ठेवला होता. हेमांगीने जागेवर येऊन त्याची यादी काढली. पत्रं उघडत नसत, पण पाठवणाऱ्यांची नावं दिसत. चारशे बारा पत्रं होती. शोधता शोधता ती एका नावापाशी थांबली. भास्कर नाईकवडी. चार पत्रं, जुलैअखेर ते दहा ऑगस्ट. सगळी तोरसकर मॅडमना.

नाईकवडी हे घाटवळच्या दरवाजांचे प्रमुख होते. चौदा ऑगस्टला धरणाचे सगळे दरवाजे एकाच वेळी उघडले गेले आणि खालच्या वाळवणी गावात पहाटे पाणी शिरलं. तिघं गेली. त्यात हेमांगीची कुसुममावशी होती. आई गेल्यावर जिने तिला सात वर्षं सांभाळलं ती मावशी. चौकशीत नाईकवडी सांगत राहिले की मी आधीच चार पत्रं पाठवली होती. मंडळाचं उत्तर होतं, एकही पत्र आलेलं नाही. ते निलंबित झाले. हेमांगीने ती बातमी वाचली तेव्हा तिच्या मनाला जरा बरं वाटलं होतं, हे ती स्वतःशी नाकारत नव्हती.

आता तिला सगळं जुळताना दिसलं. मॅडम उमेदवारीच्या काळात घाटवळला नाईकवडींच्याच हाताखाली शिकल्या होत्या. जुन्या साहेबांना वाचवायचं त्यांनी ठरवलं असणार. सांगलीचे दोन्ही कंट्रोलर त्या पत्रांना खोटं म्हणतात, तर धरणावरचा, कोणाचं लक्ष नसलेला तिसरा कंट्रोलर हवं ते बोलायला शिकवून ठेवायचा आणि सर्व्हर नेमका त्याच्याकडे वळवायचा. आणि हे काम करायचं कोणी, तर मावशी गमावलेल्या बाईने, म्हणजे कोणी बोटही दाखवणार नाही.

बुधवारी सकाळी तिने सर्व्हरची पेटी जीपमध्ये ठेवली आणि एकटीच निघाली. सर्व्हर तीन नंबरला जोडण्याआधी तीन नंबर काय काय शिकला आहे ते बघायचं, आणि लबाडी दिसली की पेटी तशीच परत आणायची, असं तिने ठरवलं होतं.

घाटवळचा नियंत्रण कक्ष धरणाच्या भिंतीच्या टोकाला होता. दार उघडंच होतं आणि आत नाईकवडी टर्मिनलपुढे बसले होते. निलंबित माणूस सरकारी यंत्रावर बसलेला पाहून हेमांगीचा उरलासुरला संशय पक्का झाला. तिने स्वतःचं नाव सांगितलं. ते उठले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले की बसा दळवीबाई, मॅडमनी तुम्ही येणार म्हणून कळवलं होतं. साठीच्या आसपासचे, उंच, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. उजवा हात त्यांनी खिशात ठेवला होता.

तिने बसायला नकार दिला आणि सरळ तीन नंबरच्या नोंदी उघडल्या. पुरानंतर जवळजवळ प्रत्येक दिवशी नाईकवडींनी पाच-सहा तास टाइप केलेलं होतं. दिवाळीतला एक दिवस सोडला तर खंड नव्हता. हातठशाचं यंत्र फसवायचं तर हेच करावं लागतं, बसून बसून त्याला शिकवत राहावं लागतं.

“रोज इथे बसून काय लिहीत होतात?” तिने विचारलं.

त्यांनी सांगितलं की चौकशी समितीसाठी निवेदन लिहीत होतो, रोज लिहायचो आणि रोज खोडायचो. तिने विचारलं, ते घरी बसून का लिहिता आलं नाही. नाईकवडींनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. दाबून धरायला डावा हात वर ठेवला, तर दोन्ही थरथरायला लागले.

“कंपवात आहे,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. घरचा फोन मला ओळखत नाही. दवाखान्याचं खातं उघडत नाही. जिथे जिथे हातठसा लागतो तिथे मी आता मी नाही. हे एकच यंत्र मला आत घेतं.”

मग हळूहळू त्यांनी बाकीचं सांगितलं. आजाराची गोष्ट त्यांनी मंडळाला कळवली नव्हती. कळवली असती तर दरवाजांवरून हलवलं असतं, आणि तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. जुलैत सहाव्या दरवाजाजवळचा पाणी मोजणारा काटा कमी दाखवायला लागला. सांगलीच्या परवानगीशिवाय दरवाजा उघडता येत नसे. त्यांनी फोन केला, तर लेखी पाठवा असं उत्तर आलं. त्यांनी लेखी पाठवलं. उत्तर नाही आलं, पुन्हा पाठवलं. चार वेळा पाठवलं. शेवटी धरण काठोकाठ भरलं तेव्हा यंत्रणेने आपणहून सगळे दरवाजे उघडले.

हेमांगीने ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. थरथरणारा हात खरा होता. पण हात थरथरतो म्हणून माणूस खोटं बोलत नाही, असं थोडंच आहे. पत्रं दुसऱ्याच कोणाची असतील आणि तीन नंबरला नंतर पढवलं असेल. एक गोष्ट मात्र तपासता येत होती. पुराच्या आधी, केबल शाबूत असताना, तीन नंबर या पत्रांबद्दल काय म्हणाला होता. ती जुनी नोंद कोणाला बदलता येत नसे. सांगलीत अशा नोंदी महिन्याने पुसल्या जात. इथे केबल तुटल्यामुळे पुसण्याचा हुकूमच पोचला नव्हता.

नाईकवडी चहा करायला मागे गेले. तिने तीन ऑगस्टची नोंद शोधली.

तीन नंबरने त्या पत्राला एक्याण्णव टक्के दिले होते. एक नंबरने अठ्ठावीस, दोन नंबरने सत्तावीस.

तिला कळायला वेळ लागला नाही. तीन नंबर या माणसाची प्रत्येक कळ रोज ऐकत होता. हात आज कालपेक्षा थोडा जास्त अडखळला, उद्या आणखी थोडा. त्याच्या लेखी तो तोच माणूस होता, हळूहळू आजारी होत जाणारा. सांगलीच्या दोघांपर्यंत फक्त पत्रं पोचायची, तीही महिन्या-दोन महिन्यांनी एखादं. त्यांना दर वेळी वेगळाच हात दिसला. दोघांचं जुळलं आणि तिसरा, जो माणसाला रोज भेटत होता, तो खोटा पडला. यात कोणी काही पढवलेलं नव्हतं.

त्याच ओळीत पुढे आणखी एक रकाना होता. यंत्रांची मतं पडली की पत्र माणसाकडे तपासणीला जाई आणि त्या माणसाचा निर्णय तिन्ही कंट्रोलरना कळवला जाई, म्हणजे तेही त्यातून शिकावेत. तिथे लिहिलं होतं: ‘निर्णय: बनावट. तपासणी: हे. दळवी. सकाळी ९.४१.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग बाकीच्या तीन पत्रांच्या नोंदी उघडल्या. एकावर दुसऱ्या कर्मचाऱ्याचं नाव होतं, एकावर अ. तोरसकर, आणि शेवटच्या, दहा ऑगस्टच्या पत्रावर पुन्हा हे. दळवी.

त्या सकाळी आठवायचा तिने प्रयत्न केला. काही आठवलं नाही. ऑगस्टमध्ये माणसं कमी होती आणि तपासणीचं काम पाळीने सगळ्यांवर यायचं. सव्वानऊ ते दहा, शंभर-सव्वाशे पत्रं. बहुतेक पन्नाशीच्या वरची, ती सोडून द्यायची. पडद्यावर नाव आणि टक्के दिसायचे. पत्र उघडून बघायची मुभा होती. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करायचा, असा नियमही होता. कोणीच करत नव्हतं. अठ्ठावीस टक्के म्हणजे उघड बनावट. बोट आपोआप ‘बनावट’च्या बटणावर जायचं.

नाईकवडींनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. थोडा चहा बशीत सांडला होता. काही सापडलं का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अजून बघतेय.

मग तिच्या मनात ज्या गोष्टी आल्या त्या तिने पुढे कोणाला सांगितल्या नाहीत. पेटी अजून जीपमध्ये होती. ती परत नेऊन सांगलीत एक नंबरला जोडली, तर चारही पत्रं पुसली जाणार होती. इथली नोंद, केबल जोडली की, पुसण्याच्या हुकमाखाली आपोआप जाणार होती. घाटवळचा कंट्रोलर बिघडलेला दिसला, एवढा अहवाल पुरला असता. मॅडम काही बोलू शकल्या नसत्या, कारण यादीत त्यांचंही नाव होतं. आणि मॅडमनी तरी हा आदेश का दिला? त्यांना हे माहीत होतं का? माहीत असूनच त्यांनी तिला पाठवलं होतं का, तिच्याच हातून तिचं नाव बाहेर यावं म्हणून? इतका वेळ ती नाईकवडींवर संशय घेत होती. आता संशयाबाहेर कोणीच उरलं नव्हतं, तीसुद्धा.

ती बाहेर भिंतीवर जाऊन उभी राहिली. खाली नदीकाठी वाळवणीची घरं दिसत होती. नवी छपरं कोणती आणि जुनी कोणती, ते इतक्या लांबूनही कळत होतं.

नाईकवडी मागून आले. त्यांनी विचारलं नाही तरी तिने सांगितलं की तुमची दोन पत्रं मीच अडवली. ती वाट बघत होती की हा माणूस आता ओरडेल, अडीच महिन्यांचं सगळं काढेल. ते कठड्याला टेकले आणि म्हणाले, “मी आजार सांगितला असता, तर तुमच्यापुढे अठ्ठावीस टक्के आलेच नसते. नवा ठसा घेतला असता त्यांनी माझा. त्यातलं माझं मलाही मोजू द्या, बाई.”

तिला ते क्षमा केल्यासारखं वाटलं नाही. तसं वाटावं असा त्यांचा हेतूही नसावा.

हेमांगीने जीपमधून पेटी आणली. आज्ञा टाइप करताना तिने कंट्रोलरच्या नावाच्या जागी तीन नंबरचं नाव लिहिलं आणि ते दोनदा तपासलं. सर्व्हरने तीन नंबरला हाक दिली, तीन नंबरने ओ दिली. कप्पा उघडला. चारशे बारा पत्रांची नावं पडद्यावरून एकेक सरकत गेली. बहुतेक खरोखरच बनावट होती, ती पुसली गेली. सोळा पत्रं खरी ठरली. त्यातली चार नाईकवडींची होती. बाकीची बारा कोणाची आणि त्यांनी काय कळवलं होतं, हे तिला त्या दिवशी बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सर्व्हर सांगलीला परत आल्यावर, मॅडमनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर ती चार पत्रं छापून ठेवलेली होती. नाईकवडी दिवाळीत मॅडमच्या घरी आले होते, असं त्यांनी सांगितलं. समोर बसून त्यांनी चार ओळी टाइप केल्या, तेव्हा त्यांचे हात पाहून मॅडमना सगळं लक्षात आलं. पत्रं अडली असणार, आणि अडवली आपल्याच खात्यातल्या कोणीतरी असणार. पत्रं अडली त्या दोन आठवड्यांत चार-पाच सकाळी त्या स्वतः तपासणीला बसल्या होत्या.

“मला वाटत होतं, चारही माझ्याच हातून गेली,” त्या म्हणाल्या.

हेमांगीने विचारलं, मग मला आधी का सांगितलं नाही. मॅडम या वेळी खिडकीकडे वळल्या नाहीत. म्हणाल्या की सांगितलं असतं आणि हात तुझा निघाला असता, तर तू तिथे पोचलीच नसतीस कदाचित. दुसरं कोणी हे काम जाणणारं नव्हतं. म्हणून तुलाच पाठवलं आणि आदेश लेखी दिला, म्हणजे मोडलास तर दिसलं असतं.

“माझ्यावर संशय होता तुमचा,” हेमांगी म्हणाली.

“सगळ्यांवर होता. स्वतःपासून सुरुवात केली होती.”

त्यांनी दोन कागद पुढे केले. एक त्यांचं स्वतःचं निवेदन होतं, चौकशी समितीला द्यायचं. दुसरा कोरा होता. हेमांगीने तो घेतला, तिथेच बसून हाताने लिहिला आणि सही केली. खाली उतरताना तिच्या लक्षात आलं की या बाईबद्दल आपल्याला पूर्वी जे वाटायचं ते आता वाटत नाही. वाईटही वाटत नव्हतं. दोघी एकमेकींना नको इतक्या ओळखू लागल्या होत्या.

रविवारी दुपारी ती वाळवणीला गेली. कुसुममावशीचा मुलगा जयवंत देवळामागच्या उंचावरच्या दोन खोल्यांत राहत होता. त्याने पाणी दिलं, बायकोला हाक मारून ताई आल्याचं सांगितलं. हेमांगी म्हणाली, वहिनीलाही बसू दे. मग तिने दोघांना सगळं सांगितलं. यंत्रांचं, टक्क्यांचं, नाईकवडींच्या हाताचं, आणि सकाळच्या नऊ एकेचाळीसचं. सांगताना तिने काही कमी केलं नाही आणि स्वतःसाठी कारणंही काढली नाहीत.

जयवंतची बायको उठून आत गेली. जयवंतने विचारलं, “ताई, तू ते पत्र वाचलं होतंस?”

“नाही.”

“मग काय बघून ठरवलंस?”

“टक्के.”

तिला वाटलं, आता तो जा म्हणेल, आणि ती जाण्याच्या तयारीने उठलीही. जयवंतने तिच्या पिशवीकडे बोट करून विचारलं की ते पत्र बरोबर आणलं आहेस का. तिने आणलं होतं. दहा तारखेचं, शेवटचं.

“मग बस,” तो म्हणाला. “आता वाच. सगळं वाच.”

ती बसली. कागद उलगडला आणि वाचू लागली. माननीय उपमुख्य अभियंता यांस. यापूर्वीच्या तीन पत्रांचे उत्तर मिळालेले नाही. सहाव्या दरवाजाजवळील काटा प्रत्यक्षापेक्षा दोन मीटर कमी दाखवत आहे. आजपासून थोडे थोडे पाणी सोडण्यास परवानगी द्यावी, अन्यथा सर्व दरवाजे एकदम उघडण्याची वेळ येईल. तसे झाल्यास वाळवणी गावातील नदीलगतच्या अकरा घरांना धोका आहे. या घरांत वयस्कर माणसे आहेत, त्यांना आधी हलवावे लागेल. कुटुंबप्रमुखांची नावे खाली देत आहे.

मग नावं आली. एक, दोन, तीन. चौथ्या नावापाशी तिचा आवाज थांबला. जयवंतने मान वर केली नाही, नुसता हात पुढे करून कागदाच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने मावशीचं नाव वाचलं, आणि मग पुढची सात.